तुझं घर कुठंय यात?

बुर्ज खलिफाच्या १२४व्या मजल्यावर आईनं मला विचारलं, "तुझं घर कुठंय यात?" आणि माझी बोबडीच वळली. तोपर्यंत मी जोरात होते. सूर्यास्ताच्या वेळेची तिकिटं काढली होती (ती दिवसाच्या तिकिटांपेक्षा महाग असतात, हे आईला सांगितलेलं नव्हतं आणि अजूनही सांगितलेलं नाही), लिफ्टमध्ये तिच्या कानात दडे बसतील म्हणून आधीच कापसाचे बोळे दिले होते, आणि वर आल्यावर माझं नेहमीचं पाठ भाषण सुरू केलं होतं. ८२८ मीटर उंच, आपण आत्ता ४५२ मीटरवर आहोत, बांधत होते तोवर नाव बुर्ज दुबई होतं, आणि ४ जानेवारी २०१० ला उद्घाटनाच्या दिवशीच अबुधाबीच्या शेख खलिफांचं नाव दिलं. रमजानमध्ये ८० मजल्यांच्या वर राहणाऱ्यांना रोजा दोन मिनिटं उशिरा सोडावा लागतो आणि १५० च्या वर तीन मिनिटं, कारण वरच्यांना सूर्य जास्त वेळ दिसतो, असा फतवाच निघालाय २०११ मध्ये. हे शेवटचं ऐकून पाहुणे कायम "अरे वा" करतात. आईनंही केलं, कीर्तनात करतात तसं, मान डोलवून. मग काचेजवळ गेली, दोन्ही तळवे काचेला लावले, खाली बघितलं आणि हा प्रश्न टाकला.

मी खाली बघितलं. ऑक्टोबर होता, हवेत धूळ भरलेली. शेख झायेद रोड एक रेघ, तिच्यावर मुंग्या, आणि दोन्ही बाजूंना हजारो छपरं, सगळी एकाच रंगाची, भुईमुगाच्या टरफलाच्या. यातलं माझं छप्पर कोणतं? अकरा वर्षं झाली इथं. अकरा वर्षांत सात वेळा या मजल्यावर येऊन मी लोकांना ताडाच्या झाडासारखं केलेलं पाम बेट दाखवलंय, जगाच्या नकाशासारखी केलेली बेटं दाखवलीयत, बुर्ज अल अरब हॉटेल दाखवलंय. आमचं करामा, जिथं मी राहते ते, कुणी विचारलंच नव्हतं. मागं एक माणूस सेल्फी स्टिक घेऊन घसा खाकरत उभा होता, आई वाट बघत होती, आणि मला एकदम लाजच वाटली, परीक्षेत सोप्प्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही की वाटते तशी. मी बोट केलं. "ते बघ. त्या पांढऱ्या बिल्डिंगच्या अलीकडं." बोट समुद्राकडं गेलेलं होतं हे मला बोट केल्यावर कळलं.

आईनं बराच वेळ तिकडं बघितलं. मग पर्समधून मोबाईल काढला, एक डोळा बारीक करून फोटो काढला, कोपऱ्यात अंगठा आलेला, आणि खाली उतरून वायफाय मिळाल्या मिळाल्या फॅमिली ग्रुपवर टाकला. "आमच्या ताईचं घर. समुद्राजवळ आहे." मामाचं लगेच "छान लोकेशन" आलं. मोठ्या वहिनीचं "बाई गं, महाग असेल" आलं. अंगठे तर किती आले ते मोजले नाहीत.

समुद्र आमच्या घरापासून टॅक्सीनं पंधरा मिनिटं लांब आहे.

तर मी गाइड आहे. नोकरी अकाउंट्सची, पण खरा धंदा गाइडचा. दुबईत राहणाऱ्या कुणालाही विचारा, घरोघरी हेच. लॅपटॉपवर 'पाहुणे फायनल २' नावाची एक एक्सेल शीट आहे, तिच्यात पहिला दिवस मॉल आणि फाउंटन, दुसरा दिवस खाडी आणि सोनं, तिसरा डेझर्ट सफारी, चौथा मिरॅकल गार्डन, सीझन असेल तर ग्लोबल व्हिलेज, असं सगळं बसवून ठेवलंय. कुठल्या मजल्यावरचं टॉयलेट रिकामं असतं ते मला माहितीय, फाउंटनला कुठं उभं राहिलं की डोक्यांच्या मधून दिसतं ते माहितीय, मेट्रोचा बायकांचा डबा प्लॅटफॉर्मवर कुठं थांबतो ते माहितीय. मेट्रोचं एक पेटंट वाक्य आहे माझं: सुरू कधी झाली? ०९-०९-०९ ला. लक्षात राहतं सगळ्यांच्या. ड्रायव्हर नाही हे ऐकून आईनं मात्र डब्यात शिरताच नमस्कार केला, कुणाला ते विचारलं नाही, आणि बसल्या बसल्या पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढला. मी झडप घालून तिचा हात धरला. इथं मेट्रोत खाल्लं की शंभर दिरहम दंड. तिनं मनातल्या मनात हिशोब केला, बावीस-तेवीसनं गुणून, आणि लाडू असा काही परत बांधला जसा काय सोन्याचाच होता. पुढची चार स्टेशनं ती एका हातानं पिशवी दाबून धरून बसली होती, लाडू आपणहून बाहेर येईल की काय या भीतीनं.

घर बघायचा तिचा हट्ट तसा जुना आहे. म्हणजे असं की इथं पोस्टमन घरी येत नाही. पत्रं पोस्ट बॉक्सवर जातात, बहुतेकांची कंपनीच्या. त्यामुळे इतकी वर्षं आईकडं माझा पत्ता म्हणजे नवऱ्याच्या कंपनीचं नाव आणि पी. ओ. बॉक्सचा नंबर. दर दसऱ्याला ती आपट्याचं एक पान वहीच्या कागदात घालून पाकिटातनं पाठवते, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा" लिहून. कधी दिवाळीनंतर मिळतं, कधी मिळतच नाही. एकदा फोनवर म्हणाली, "अगं, इतक्या वर्षात मी कधी गल्लीचं नाव नाही लिहिलं तुझ्या पत्त्यात. पेटीत राहता का गं तुम्ही?" मी हसले होते. आता प्रत्येक बिल्डिंगला मकानी नंबर आहे, दहा आकडी, दारावर पाटी असते, पण तोसुद्धा कुणी तोंडानं सांगत नाही. "अमक्या सुपरमार्केटच्या मागं, टायपिंग सेंटरच्या वर" असंच सांगतो आम्ही. गावाकडं "मारुतीच्या पाठीमागं" सांगतात तसंच की.

आमची बिल्डिंग चार मजल्यांची. खाली टायपिंग सेंटर, टेलर, लाँड्री आणि एक मल्याळी कॅफेटेरिया, ज्याच्या परोट्याचा वास सकाळी सहाला जिन्यातनं वर येतो आणि त्याच्यात लाँड्रीच्या इस्त्रीची वाफ मिसळते. तो वास मी डोळे झाकून ओळखीन. आई पहिल्या दिवशी एअरपोर्टवरनं आली, काचेचे टॉवर बघत बघत, आणि टॅक्सी आमच्या गल्लीत वळली तेव्हा तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता बोलेल काहीतरी. ग्रोसरीवाल्याचा पोऱ्या एकच दुधाची पिशवी घेऊन सायकलवरनं चालला होता, टेलर दारात उभा राहून फोनवर भांडत होता. "बरंय की," आई म्हणाली. "माणसं दिसतायत." मला बरं वाटलं आणि थोडं लागलं पण. म्हणजे तिनं काय धरून ठेवलं होतं मनात, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आईचं या शहराशी जे काही जमलं ते पाण्यावरनं जमलं. आम्ही बार्शीकडचे, पाण्याचा हिशोब आमच्या रक्तात आहे. नळ चार दिवसाआड यायचा, रात्री अडीचला यायचा, आणि आई पदर खोचून घरातली वाटीसुद्धा भरून ठेवायची. इथं आल्यावर दुसऱ्या दिवशी बघते तर बाल्कनीत एसीच्या पाइपखाली बादली. रात्रभरात निम्मी भरलेली. "एवढं पाणी नुसतं गटारात सोडता होय?" ते पाणी तिनं तुळशीला घातलं, लादी पुसली, पाय धुतले. आणि गंमत म्हणजे हे जे सगळ्या जगात उंच म्हणून आम्ही मिरवतो त्या बुर्जमध्येही तेच करतात, एसीचं निथळलेलं पाणी साठवून खालच्या झाडांना देतात. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती एवढी खूश झाली की काय सांगू, ८२८ मीटरनं नव्हती झाली. "मग बरोबरच करतीय मी," म्हणाली.

मग फाउंटन. संध्याकाळी मॉलच्या मागच्या तळ्याकाठी आम्ही जागा धरून उभे. पाऊणशे मैलांवरनं आल्यासारखी गर्दी, फिलिपिनो नर्सेस, रशियन नवविवाहित जोडपी, खांद्यावर पोरं घेतलेले आमचे गुजराती बंधू. २७५ मीटर लांब कारंजं आहे, वर १५० मीटरपर्यंत उडतं, अरबी गाणं लागलं आणि पाणी कमरेत वाकून नाचायला लागलं. उडताना आधी तोफेसारखा आवाज येतो, मग क्षणभर काहीच नाही, मग तुषार तोंडावर. सगळ्यांचे मोबाईल वर. आई मात्र तोंडावर पडलेलं पाणी पदरानं न पुसता तशीच उभी. गाणं संपल्यावर म्हणाली, "परत तिथंच पडतंय ना? मग ठीकाय." मिरॅकल गार्डनमध्ये तेच. वाळवंटात फुलांचं विमान, फुलांचे मोर, फुलांचे वाडे, पाहुणे वेडे होतात, आणि ही बाई वाफ्याशी वाकून ठिबकची नळी चाचपतीय. सांडपाणी शुद्ध करून ठिबकनं देतात हे कळल्यावर तिनं त्या बागेला पास केलं. प्यायचं पाणी मात्र समुद्राचं गोडं करून घरोघरी येतं हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. रोज सकाळी पहिला घोट घेताना जिभेवर जरा थांबवून बघायची. खारट लागतं का ते.

खाडीचं तर विचारूच नका. बुरदुबईच्या धक्क्यावरनं अब्रा, म्हणजे इथली लाकडी होडी, पकडली, एक दिरहम, मधल्या बाकावर दोन्हीकडं तोंड करून माणसं बसलेली, मध्ये इंजिनाची भोकं-भोकं असलेली पेटी आणि डिझेलचा वास. समोरच्या काठावर देरा. लाकडी जहाजं तिपेडी लागलेली, त्यांच्यावर फ्रिज, टायर, कांद्याची पोती. मी भाषण चालू केलं: १९६६ पर्यंत इथं आपला रुपया चालायचा, आई. आखातासाठी रिझर्व्ह बँकेनं १९५९ मध्ये वेगळ्या नोटा काढल्या होत्या, दिरहम आला १९७३ मध्ये. इथले मोती मुंबईच्या बाजारात विकायला जायचे, मग जपान्यांनी मोत्यांची शेती काढली आणि इथला धंदा बसला. आई म्हणाली, "सहासष्ट साली मी पाचवीत होते. फी भरायला रुपया नव्हता आमच्याकडं, आणि तो इथं येऊन बसला होता होय?" शेजारचा बांगलादेशी पोरगा एवढा हसला, त्याला काय कळलं देव जाणे.

सोन्याच्या बाजारात ती जगातली मोठी अंगठी आहे काचेत, नजमत तैबा, २१ कॅरेटची, जवळपास ६४ किलोची. लोक तिच्यासमोर फोटो काढतात. आईनं तिला दोन्ही बाजूंनी बघून घेतलं आणि दुकानातल्या माणसाला विचारलं, "घडणावळ किती?" मराठीत. तो केरळचा होता, तरी समजला त्याला प्रश्न. सोनाराच्या दुकानात जगभर हाच एक प्रश्न असतो बहुतेक.

फ्युचर म्युझियमपाशी मी पहिल्यांदा गप्प झाले. ती गोल, मधनं पोकळ, चांदीसारखी बिल्डिंग, २०२२ मध्ये उघडली, अंगभर अरबी अक्षरं कोरलेली, आणि ती अक्षरं म्हणजेच तिच्या खिडक्या. रात्री आतनं दिवे लागतात आणि अक्षरं पेटतात. "काय लिहिलंय?" आईनं विचारलं. दुबईच्या शेख मोहम्मदांची वचनं आहेत, मी म्हटलं. "वाच की." मला येत नाही वाचायला. अकरा वर्षांत मला अरबी आकडे येतात, ते पण गाड्यांच्या नंबरप्लेटमुळं, शुक्रान, यल्ला, खल्लास आणि हबीबी येतं, संपलं. आई काही बोलली नाही. सोलापुरात नोकरीला होते तेव्हा सहा महिन्यांत कन्नड शिकले होते मी, घरमालकीणबाईंशी भांडता यावं म्हणून. इथं भांडायलासुद्धा कुणी अरबी भेटलं नाही, हे कारण म्हणून बरं आहे, पण खरं कारण असं की आपण जाणारच आहोत असं धरून चाललेलो असतो. पुढच्या वर्षी. मग त्याच्या पुढच्या.

सफारीचं बुकिंग नेमकं दसऱ्याच्या आदल्या दिवशीचं मिळालं. आईला मी म्हटलं पण, नको जाऊया, तुझी कंबर. "सीमोल्लंघन एक दिवस आधी," म्हणाली, "चल." लँड क्रूझर, ड्रायव्हर मुलतानचा, पन्नाशीचा, दाढीला मेंदी. लाल वाळू सुरू झाली तिथं त्यानं गाडी थांबवली, चारी टायरची हवा फुस्स करून कमी केली, कारण पूर्ण हवेचं चाक वाळूत रुततं, आणि मग जे काही सुरू झालं त्याला हे लोक मजा म्हणतात. गाडी टेकाडावर चढते, टोकावर क्षणभर पुढं फक्त आभाळ, आणि मग आडवी घसरत खाली. मागच्या सीटवरचं नाशिकचं जोडपं किंचाळत होतं. आई डोळे मिटून रामरक्षा म्हणत होती, आणि प्रत्येक उतारावर तिचा श्लोक तुटायचा, मग ती परत पहिल्यापासून सुरू करायची, त्यामुळं "चरितं रघुनाथस्य"च्या पुढं रामरक्षा काही गेली नाही. शेवटी ड्रायव्हरलाच दया आली. एका सपाट जागी त्यानं गाडी थांबवली, म्हणाला, "अम्मा, पाँच मिनट हवा खा लो."

आई उतरली, चपला काढल्या. वाळू वरनं कोमट आणि बोट आत घातलं की गार. थोड्या अंतरावर एक झाड होतं, एकटंच, वाऱ्यानं एका बाजूला कललेलं, फांद्या खाली आलेल्या, आणि खालनं उंटांनी खाऊन खाऊन एका रेषेत कातरल्यासारखं. अशी झाडं मी सफारीत शंभरदा बघितली असतील. घाफ म्हणतात, २००८ पासून राष्ट्रीय वृक्ष आहे, हे एक वाक्य माझ्या शीटमध्येही आहे. आई त्याच्याकडं चालत गेली, वाळूत पाय रुतवत, एक फांदी दोन बोटांत धरली आणि तिथनंच ओरडली, "अगं ही तर शमी आहे!"

मी म्हटलं नाही गं, घाफ. "घाफ असेल नाहीतर काय असेल, ही सौंदड आहे आपली. तुझ्या आजोबांच्या बांधावर होती." ती बारीक बारीक पानं, कंगव्याच्या दातांसारखी, दोन्ही बाजूंनी, आणि मध्ये लपलेला काटा. ड्रायव्हर मागनं आला, "अम्मा, काँटा है, संभलके." मग स्वतःच फांदीवरनं हात फिरवत म्हणाला, "हमारे गाँव में इसको जंड बोलते हैं." तिघं त्या झाडाखाली उभे, एकाच झाडाची तीन-चार नावं घेऊन. मी मोबाईलवर बघितलं, सिग्नल एक दांडी होता. आई बरोबर होती. वनस्पतीशास्त्राच्या हिशोबानं घाफ, शमी, जंड, सगळं एकच झाड. पाण्यासाठी याची मुळं तीस-तीस मीटर खाली जातात म्हणे. पांडवांनी अज्ञातवासात जाताना शस्त्रं लपवली ती या झाडावर, आणि मी अकरा वर्षं याच्या शेजारनं पाहुण्यांना उंट दाखवत गेलेय.

आईला चार पानं हवी होती, उद्याच्या पूजेला. ड्रायव्हर म्हणाला तोडायला बंदी आहे, सरकारी कायदा. मग तिघांनी मिळून खाली पडलेली डहाळी शोधली. तो मेंदीच्या दाढीचा माणूस गुडघ्यावर बसून वाळूतनं बारकी बारकी पानं वेचत होता, आई त्याला मराठीत "ते नको, वाळलंय, ते हिरवं घे" सांगत होती आणि तो घेत होता. नाशिकच्या जोडप्याला वाटलं कुणाचं तरी सोनं हरवलंय, तेही आले शोधायला. आईनं त्यांना सांगितलं, "सोनंच आहे." पुढं कॅम्पवर गिरक्यांचा तनुरा नाच, मेंदी, शेगडीचा धूर, व्हेजवाल्यांचं वेगळं टेबल आणि त्याच्यावर कोमट डाळ, हे सगळं असतं तसं झालं. आईनं पानं रुमालात बांधून ब्लाउजमध्ये ठेवली होती, आणि ड्रायव्हरला उतरताना राजगिऱ्याचा लाडू दिला. मेट्रोतला, तोच.

मधल्या मध्ये माझं खोटं मोठं होत होतं. दसऱ्याच्या संध्याकाळी, पूजा झाल्यावर, आई म्हणाली, "चल, समुद्रावर पायीच जाऊन येऊ. जवळच आहे ना." मी म्हटलं बांधकाम चाललंय, मधला रस्ता बंद आहे, टॅक्सीनंच जावं लागेल. दुबईत हे कारण कधीही चालतं, कुठंतरी बांधकाम चालूच असतं. गेलो काइट बीचला. पांढरी वाळू, घाम गाळत पळणारे लोक, लांब बुर्ज अल अरब, १९९९ चं, ३२१ मीटर, शिडासारखं. आईनं लाटेत पाय घातले. पाणी गरम होतं, आंघोळीचं काढल्यासारखं, तिला हसू आलं. मग वळून शहराकडं बघितलं. "इथनं कुठं मग आपलं घर?" मी परत बोट केलं, कुठंतरी आत. परत येताना ती टॅक्सीच्या मीटरकडं बघत होती. वीस झाले, तीस झाले, चाळीसला आम्ही करामात वळलो. जवळच्या घराला चाळीस दिरहम. आई मीटरवरनं नजर काढून खिडकीबाहेर बघायला लागली आणि म्हणाली, "बांधकाम फारच मोठं दिसतंय."

बस, एवढंच. त्यावर काही नाही.

ती गेल्यानंतर घरात तीन-चार दिवस पाइपखाली बादली तशीच होती. भरून वाहायला लागली तेव्हा मी ती तुळशीला ओतली. आणि एका मंगळवारी ऑफिसला दांडी मारून मी फ्रेमवर गेले, एकटी. दुबई फ्रेम म्हणजे २०१८ मध्ये उघडलेली ती सोनेरी चौकट, १५० मीटर उंच, झबील पार्कात. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतनं तिचा एक कोपरा दिसतो, भाजी परतताना मी रोज तिच्याकडं बघते. उलटं कधी सुचलं नव्हतं, की खिडकीतनं फ्रेम दिसते तर फ्रेममधनं खिडकी दिसेल. निघताना मी पिवळा आंघोळीचा टॉवेल त्या खिडकीला आतनं चिकटवला, बाहेर वाळत घातलेलं इथं चालत नाही म्हणून. पन्नास दिरहमचं तिकीट. वर मधल्या पट्टीवर काचेची जमीन आहे, पाय ठेवला की पारदर्शक होते आणि पोटात गोळा येतो. एका बाजूला बुर्ज आणि नवी दुबई, सगळे लोक तिकडं, फोटो काढायला रांग. दुसऱ्या बाजूला जुनी दुबई, करामा, बुरदुबई, पलीकडं खाडी आणि देरा. तिकडं एक म्हातारा सिक्युरिटीवाला आणि मी.

शोधायला दहा मिनिटं लागली. पाण्याच्या पांढऱ्या टाक्या, डिश अँटेना, परत टाक्या. मग मेट्रोची लाइन धरली, तिच्यावरनं पूल, पुलावरनं पार्किंग, पार्किंगवरनं गल्ली. मोबाईल झूम करत करत शेवटाला नेला आणि स्क्रीन थरथरत असताना कुठंतरी एक पिवळा ठिपका आला, गेला, परत आला. मी सिक्युरिटीवाल्याला म्हटलं, ते माझं घर. नेपाळी होता. त्यानं माझ्या बोटाच्या दिशेनं अगदी मनापासून बघितलं आणि म्हणाला, "अच्छा है, मॅडम." फोटो काढला. धूसर, हललेला, पण खरा. संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल लावला, सगळं सांगून टाकायचं आणि हा फोटो पाठवायचा असं ठरवून.

तिकडं समोरच्या काकू आलेल्या होत्या. आईनं फोन उलटा फिरवला, "थांब, तुला दाखवते." टीव्हीच्या वर, बाबांच्या फोटोशेजारी, बुर्जवरनं काढलेला तो फोटो, मोठा करून, लॅमिनेशन करून लावलेला. अंगठ्यासकट. खाली छपरं, वर समुद्र, आणि समुद्रात, किनाऱ्यापासून चांगली आत, एक लाल टिकली चिकटवलेली. "काकूंना कळावं म्हणून लावलीय," आई म्हणाली. "बरोबर लागलीय ना गं? जरा इकडं तिकडं असंल तर सांग, काढून लावता येती."

काकू बघत होत्या. मी म्हटलं, "थोडी उजवीकडं घे."

आईनं टिकली नखानं उचलली आणि उजवीकडं लावली. "इथं?"

"अजून थोडी."

"अजून?"

"अजून, आई."

मग तिचा हात थांबला. फोनमध्ये नुसतं बोट दिसत होतं आणि त्याच्यावर टिकली. "अगं, फोटो संपला की," ती म्हणाली. "आता भिंतीवर लावू का?"

"लाव," म्हटलं.